संयूच्या उलट्या आणि इकडील खुशाली

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज लेकीला, संयूला, सासरहून, खंडाळ्याहून घरी आणली. एरवी तीन तासांची वाट, आज सहा तास लागले. वाटेत पोरीला अकरा उलट्या झाल्या. पोटात अन्नाचा कण नसताना अकरा. मी पुढच्या सीटवर होतो. पुढे बसलं की रस्ता नीट दिसतो, म्हणून मी नेहमी पुढेच बसतो. मीही तीनदा टायर बघायला उतरलो. तिसऱ्या वेळी झाडामागे जरा वेळ लागला. टायर चांगले आहेत.

संयोगिता आमची एकुलती एक. तिला तिसरा महिना लागलाय. जावई वीरधवल फौजेच्या सिग्नल्समध्ये नाईक आहे, सध्या लडाखला. परवा तिच्या सासूचा फोन आला. "आवं सुभेदार, पोर पाणीसुदिक ठेवंना झालीया. आईजवळ ऱ्हाऊ दे चार दिस."

आई म्हणजे आमची अर्जुना. तिने पोरीला दारात पाहिलं. सरळ आत गेली, न्हाणीजवळच्या खोलीत पलंग ओढला, उशाशी उलटीसाठी राखेची पाटी ठेवली, पडवीतले कांदे घरामागच्या परड्यात हलवले आणि फोडणी आजपासून मागल्या चुलीवर असं जाहीर केलं. दहा मिनिटांत सगळं. मला नवल वाटलं. एवढा बंदोबस्त हिला कुणी शिकवला? तीस वर्षं फौजी माणसाशी संसार केला की थोडं अंगी उतरतंच.

उद्यापासून या वहीत नोंद ठेवणार. आजार असो की शत्रू, नोंद नसेल तर लढाई अर्धी हरलेली असते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी सहाला हजेरी घ्यायला गेलो. "कसं वाटतंय?"

"बरं हाय, आबा."

आणि लगेच एक. पुन्हा नऊला गेलो, लगेच एक. बारा, तीन, सहा, तेच. मी गेलो की लगेच होते, त्यामुळे एकही नोंद चुकत नाही. एकूण नऊ.

कारण शोधलं पाहिजे. माझा पहिला संशय गावातल्या पृथ्वीराजच्या गुऱ्हाळावर. पश्चिमेला दोनशे मीटरवर काहील तापलेली असते आणि काकवीचा वास घरात येतो. मी रुमाल धरून वाऱ्याची दिशा पाहिली आणि त्याच्याकडे जाऊन म्हटलं, चार दिवस चुलाण बंद ठेव.

"सुभेदार, वारं काय माझ्या पगारावर हाय व्हय?" म्हणाला. तोडलेला ऊस दारात वाळत पडलाय त्याचं काय करू, हेही विचारलं. मग मी संयूचा पलंग पूर्वेच्या खोलीत हलवला. तिथे गोठा आहे. संध्याकाळी परत न्हाणीजवळ आणला.

"म्हणून तर हितं टाकला हुता," अर्जुना म्हणाली.

शेजारची धोंडुबाई काकी येऊन बसली होती. ऐंशी पार केलेली, माझ्या आईची जिवाची मैत्रीण. "कडक डोहाळं हायत. आईवर गेलीया पो..." एवढं म्हणाली आणि मला बघून गप्प झाली. मी आलो की बायका गप्प होतात. मिशांचा दरारा अजून टिकून आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उलट्या दहा. दोन बिस्किटं आणि चमचाभर लिंबूपाणी, तेही राहिलं नाही. गरगटं केलेला भात राहिला नाही. अर्जुनाने सुंठ उगाळून दिली, ती अर्धा तास राहिली, मग तीही गेली.

आज वीरधवलचा व्हिडिओ कॉल होता. मी आधीच हुकूम काढला होता, त्याला यातलं काही कळता कामा नये. पंधरा हजार फुटांवर उभ्या जवानाचं चित्त ड्यूटीवर पाहिजे. संयूला उशा लावून बसवली, तोंडाला पावडर, कपाळाला टिकली, पुढ्यात भाकरी आणि मेथीची भाजी. मोबाईल मी स्वतः धरला, म्हणजे राखेची पाटी दिसणार नाही.

"काय म्हणतीस?" त्याने विचारलं.

"मजेत. लय खाती मी," संयू श्वास कोंडून म्हणाली.

"मामा, तुमी बरं हाय न्हवं? झोप लागती का? बीपीची गोळी घेताय न्हवं?"

माझीच चौकशी जास्त करत होता. गुणी पोरगा. कॉल दोन मिनिटं चालला. संपता क्षणी संयू पाटीवर वाकली, पण मोहीम फत्ते झाली होती.

हे तत्त्व मी स्वतः जगलो आहे. सत्त्याण्णव साली संयू पोटात असताना मीही लडाखलाच होतो. माझी आई सांगायची आणि शाळेतले गुरुजी लिहायचे. दर पंधरवड्याला पत्र. 'इकडील सर्व खुशाल. सूनबाईची तब्येत उत्तम.' नऊ महिन्यांत उलटीचा एक शब्द नाही. असं असतं खानदानी बाळंतपण. एका मुलीवर थांबायचा निर्णयसुद्धा मी तिथूनच पत्राने कळवला. आमच्या भावकीत मुलीवर थांबणारा मी पहिला. पुढारलेला विचार कुठेतरी कुणीतरी सुरू करावाच लागतो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रविवारी संयू उठून उभी राहिली आणि भिंतीला धरून खाली बसली. आज सकाळी सांगलीला डॉ. राजमती चौगुल्यांकडे नेली. महिन्यापूर्वी चोपन्न किलो होती, आज एकोणपन्नास भरली. लघवीत कीटोन आले. डॉक्टर म्हणाल्या, पोटात काही जात नाही म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळतंय. हे नखरे नाहीत आणि मनाचे खेळही नाहीत, हा आजार आहे.

मी वही पुढे केली. त्यांनी ती चाळली, "छान," म्हणाल्या आणि मिटून माझ्याकडे परत दिली. मग प्रश्न सुरू झाले. कुणाला हा त्रास जास्त होतो, ते बघायचं होतं.

पहिलंच बाळंतपण? होय. जुळं? सोनोग्राफीत एकच दिसलं. थायरॉईड? तपासायला रक्त घेतलं. अर्धशिशी? कॉलेजात असताना होती. हे मला नवीन होतं.

"गाडी लागते का?"

"लहानपणापासून," मी म्हटलं. "एसटी दिसली तरी तोंड कडू करायची."

"घरात आणखी कुणाला?"

"कुणाला नाही." अर्जुना माझ्याकडे बघत राहिली. तिला काय बघायचं होतं कोण जाणे.

"आईला किंवा सख्ख्या बहिणीला असा त्रास झालेला असेल तर लेकीला होण्याची शक्यता बरीच वाढते. काकू, तुम्हाला...?"

"छे, छे," मीच सांगून टाकलं. "माझ्याकडे लेखी पुरावा आहे. तारखेसकट."

डॉक्टर म्हणाल्या, "काकूंना बोलू द्या."

अर्जुना पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "आवं, तेवढं एक शहाळं आणा की. पोरीच्या घशाला कोरड पडलीया."

मी गेलो. शहाळं हे बघून घ्यावं लागतं. वाजवून, हलवून, कोवळं निवडून आणलं. वीस मिनिटं गेली. परत आलो तर डॉक्टर अर्जुनाचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. वीस मिनिटांत मैत्रिणी झाल्या. आधी गोळ्या देऊन घरी पाठवायचं चाललं होतं, आता म्हणाल्या, "आजच ॲडमिट. यांच्या बाबतीत वाट बघण्यात अर्थ नाही." माझ्या वहीचा परिणाम झाला असणार. शहाळं संयूच्या घशाखाली उतरलं नाही, म्हणून मी प्यायलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सलाईन चालू. आधी व्हिटॅमिनचं इंजेक्शन, मग साखरेचं पाणी, असा क्रम आहे. क्रम का, ते मी विचारलं आणि सिस्टरने सांगितलंही. पुन्हा विचारलं तेव्हा मला बाहेर काढलं.

कारण अजून सापडलेलं नाही. आमच्या बाजूला काही नाही, तर मग सासरकडचं असलं पाहिजे. विहीणबाईंना फोन केला. तुमच्या घराण्यात कुणाला असा त्रास?

"सुभेदार, पोट तुमच्या लेकीचं हाय. माझ्या पोराचं न्हवं."

शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. रेंज गेली, असं त्या म्हणाल्या. आवाज मात्र अगदी स्वच्छ येत होता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अठ्ठेचाळीस किलो. आज दुसऱ्या हाताची शीर शोधावी लागली, तिसऱ्यांदा सापडली. मी दारात उभा होतो. संयूचे ओठ फाटलेत. विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हाय, आबा."

मला भीती वाटते. पोरीची वाटते, मग बाळाची. गोळ्या डोक्यावरून गेल्या तेव्हा वाटली नव्हती एवढी वाटते. हे इथेच लिहितो, बाहेर कुणाला सांगण्यासारखं नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कपडे आणायला आणि जनावरं बघायला गावी आलो. डॉक्टरांनी अर्जुनाबद्दल विचारलं तेव्हा त्यांना माझं म्हणणं पटलेलं दिसलं नव्हतं, म्हणून पेटीतून पत्रं काढली. सगळी नेऊन दाखवणार होतो. पडवीत बसून तारखेप्रमाणे लावत होतो, तेवढ्यात धोंडुबाई काकी आली.

"कसला कागूद वाचतुयास, लाला?"

मी तिला वाचून दाखवलं. "१४ डिसेंबर १९९७. 'इकडील सर्व खुशाल. सूनबाईची तब्येत उत्तम. दोन घास जास्तच जेवते.'"

काकी हसायला लागली. दात नाहीत, त्यामुळे तिचं हसू लवकर थांबत नाही. मग थांबलं.

"त्या दिशी ती मिरजंच्या दवाखान्यात हुती रं."

"कोण?"

"तुझी बायकू. पृथ्वीराजच्या बाच्या ट्रॅक्टरात घालून न्हेली. अठरा दिस सलाईन. शिरा मिळंनात म्हणून पायात सुई घातली. तुझी आई उशाला, मी पायथ्याला. डॉक्टर म्हणला, येळ आली तर पोर काढाय लागंल. तुझी आई म्हणली, काढा न्हाईतर ठिवा, माझी सून मला चालत घरी पायजे."

मी विचारलं, मग मला का नाही कळवलं?

"तू बरफात. जीव टांगणीला लावून तुझा काय उपेग? गुरुजीला म्हणली, समदं चांगलं ल्हिवा. दोन घास जास्त ते गुरुजीनं पदरचं घातलं."

काकी सुरूच राहिली. ऐंशी वर्षांच्या माणसाला थांबवता येत नाही.

"आन एका पोरीवर थांबलो म्हणून जगभर सांगत असतुयास. तुझ्या आईनं दवाखान्यातच सुनंला शबूद दिला हुता, परत ह्यातनं जाऊ देणार न्हाई म्हणून. मग तुला आशी पत्रं घातली की तुझं तुलाच सुचलं पायजे. तीन पत्रं लागली. म्हणायची, लालाच्या टकुऱ्यात गोष्ट हळू उतारती."

ती गेल्यावर मी ती तीन पत्रं काढून वाचली. पहिल्यात महागाई. दुसऱ्यात गावच्या तलाठ्याची एकच मुलगी किती हुशार. तिसऱ्यात, 'तू शिकलेला, जग पाहिलेला. तुझा काय विचार?' आणि माझा विचार मी चार पानं लिहून कळवला होता.

मला राग आला आणि कुणावर यावा ते कळेना. आई तर आठ वर्षांपूर्वीच गेली. माझ्या बायकोच्या पायात सुई होती आणि मी त्या दिवशी काय करत होतो? बहुतेक पत्र वाचून मित्रांना चहा पाजत होतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पहाटेच्या एसटीने सांगलीला आलो. अर्जुना वॉर्डाबाहेरच्या बाकावर होती. शेजारी बसलो.

"मिरजंचं का सांगितलं न्हाईस?"

ती दचकली नाही. "धोंडुकाकी?"

"व्हय."

"तवा तुमच्या आई नगं म्हणल्या. मग तुमी रजेवर आला तवा पोर सा म्हयन्याची, गुटगुटीत. तुमी लय खूश हुता. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

"अठ्ठावीस वर्सं?"

"तुमी इचारलं न्हाई कवा. तुमी म्हणायचा, 'सगळं ठीक न्हवं?' त्याला व्हय म्हणायचं असतंय."

मी पुढचं विचारलं.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"तुमी शहाळ्याला गेला तवा सांगितलं. तुमच्यासमोर कशी सांगणार? तुमच्याकडं लेखी हुतं."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "खाल्लं का काय सकाळी?" व्हय म्हणणार होतो. मग म्हटलं, "न्हाई. एसटीत मला दोनदा उलटी झाली. मला गाडी लागती."

"म्हाईत हाय. लगीन झाल्यापासनं तुमी टायर बघताय." आणि तिने पिशवीतून चुरमुऱ्यांची पुडी काढून माझ्या हातात दिली. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, आणि अशा पुड्या ती माझ्या प्रत्येक प्रवासात बांधत आली आहे. मला वाटायचं, तिला चुरमुरे आवडतात.

डॉक्टर राऊंडला आल्या तेव्हा मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. गाडीचं आईबापापैकी कुणाकडून आलं आणि उलटीचं कुणाकडून. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन्हीकडून पुरेपूर मिळालंय पोरीला." हसत म्हणाल्या, पण कागदावर लिहून घेतलं.

दुपारी गच्चीवर जाऊन वीरधवलला फोन लावला. गेल्या आठवड्यात मीच घातलेली बंदी मीच मोडली. सगळं सांगितलं. वजन, कीटोन, शिरा, भाकरीचं नाटक.

"मामा," तो हळूच म्हणाला, "मला म्हाईत हाय. पैल्या दिसापासनं. संयू रोज सांगती. रजा मंजूर झालीया, बुधवारी पोचतुय."

"मग त्या दिवशीचा व्हिडिओ?"

"ते तुमच्यासाठी हुतं. संयू म्हणली, आबांचं बीपी हाय, त्यांच्यापुढं समदं बरं हाय म्हणायचं. संयूच्या आईनंबी तसंच सांगितलं हुतं."

म्हणजे त्या खोलीत पावडर लावलेली संयू, पडद्यावर हसणारा जावई, दारात उभी अर्जुना, सगळ्यांना सगळं माहीत होतं. मोबाईल धरून उभा असलेला एकटा मी सोडून.

सोमवार, २४ नोव्हेंबर

लघवी स्वच्छ आली. उलट्या सहा. बाळाचे ठोके मी कानाने ऐकले. पळत्या घोड्यासारखे होते. अर्जुना म्हणाली, डोळं पुसा, लोकं बघत्यात.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी सहाला आत गेलो. रोजचा प्रश्न तोंडापर्यंत आला होता, तो गिळला. स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "किती वाईट हाय, बाळा?"

संयू बघत राहिली. मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत आलोय, असं बघत होती.

"लय वाईट हाय, आबा," ती म्हणाली.

मग पोर बोलत सुटली. थुंकीसुद्धा गिळवत नाही. रात्री वाटतं हे बाळच नको, आणि सकाळी तसं वाटल्याची लाज वाटते. सासूबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या घरी तोंड दाबून उलटी करायची म्हणजे जीव जायचा. वीरधवल फोनवर रडतो आणि मग हिलाच त्याची समजूत काढावी लागते. एवढं सांगून थांबली.

"आनखी?" मी म्हटलं.

"सांगू का? रागावू नगा."

"सांग."

"तुमच्या मिशीचं चमेलीचं तेल. पंधरा दिस झालं, तुमी दारात आला की मला ढवळतंय."

मी वहीची पानं आठवली. सहा, नऊ, बारा, तीन. गुऱ्हाळ बंद करायला निघालेला मी. "मग बोलली का न्हाईस?"

"तुमी आल्यावर बरंबी वाटायचं."

उठलो, नळावर गेलो आणि दवाखान्याच्या साबणाने मिशी तीनदा धुतली. मिशा खाली लोंबू लागल्या. सिस्टर बघून तोंड फिरवून हसल्या. तसाच परत आलो. संयू पहिल्यांदा हसली, हसता हसता तिला उमळून आलं आणि भांडं ओढायच्या आत सगळं माझ्या अंगावर झालं.

"आबा, शर्ट..."

"असू दे. फुडं सांग."

डॉक्टर म्हणतात अजून सहा-आठ आठवडे तरी हे चालणार, कदाचित शेवटपर्यंत. पोरगी आजारी आहे, खाटेवर आहे, आणि मी आज खूश आहे, हे कुणाला समजावून सांगता येणार नाही. फौजेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. घरात काय चाललंय हे मला घरातल्या माणसाने पहिल्यांदा आज सांगितलं. ती तासभर बोलत होती आणि मी ओल्या शर्टात बसून ऐकत होतो.